वीस गुंठ्यांची कापणी

भात पिकलं की नाही, हे आमच्याकडे भातावरून ठरत नाही. ते शेजारच्या आबांवरून ठरतं.

लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी घ्यावी, असा कृषी खात्याचा सल्ला आहे आणि तो आम्हाला पाठ आहे. पण कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत पहिला विळा कोणी लावायचा, हा प्रश्न टक्क्यांनी सुटत नाही. सप्टेंबर संपत आला की माझे सासरे, म्हणजे बाबा, रोज सकाळी मेरेवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहतात. एक लोंबी ओढतात, दाणा दाताखाली फोडतात, थुंकतात आणि म्हणतात, "आजून दोन दिस." हे ते आमच्या भाताकडे बघून म्हणत नाहीत. त्यांची नजर आबांच्या कुणग्यावर असते. तिकडे आबा आपल्या मेरेवर उभे राहून, आमच्या भाताकडे बघत, आपला दाणा फोडत असतात. आधी कापलं आणि वर पाऊस आला, तर वाडीत वर्षभर नाव निघतं. मागे राहिलं आणि पाऊस आला, तरी निघतं. मधे कापणारा तेवढा सुखी. पण कुणालाही मधे यायचं तर आधी कुणीतरी पुढे जायला हवं, आणि एवढा परोपकार बाबांच्याही स्वभावात नाही, आबांच्याही नाही.

बरं, पावसाचा अंदाज घ्यायला साधनं कमी आहेत असंही नाही. भिंतीवर पंचांग आहे. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्याला आमच्याकडे 'हत्ती' म्हणतात, आणि तो कशावर बसून येणार ते पंचांगात दिलेलं असतं. वाहन बेडूक किंवा म्हैस असलं तर पाऊस भरपूर. एका वर्षी बाबांनी हत्ती म्हशीवर बसून येणार असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या मुलीला आठवडाभर त्या म्हशीची काळजी लागून राहिली होती. दुसरं साधन मोबाईल. त्यात ढगाचं चित्र येतं आणि ते कुठल्या गावावर आहे यावर दोन मतं होतात. तिसरं हवामान खातं. खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्याप्रमाणे पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो, आणि आमच्याकडून त्याच्याही नंतर. ही तारीख बाबांनी कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवली आहे, दुधाच्या हिशेबाच्या वर. दोघांपैकी दूधवाला तारीख पाळतो.

आमच्याकडे काळ मोजण्याची पद्धतही पावसाळी आहे. सन कुणी सांगत नाही. 'फयानच्या वर्षी' म्हणजे २००९. ऐन नोव्हेंबरात वादळ आलं आणि कापून ठेवलेलं गरवं भात भिजून गेलं. 'क्यारच्या वर्षी' म्हणजे २०१९, तेव्हा तर दिवाळीच पाण्यात गेली. माझं लग्न फयानच्या आधीच्या मे महिन्यातलं. त्यामुळे घरात कुणी नवीन पाहुणा आला की बाबा माझी ओळख करून देतात, "ही आमची सून. ही इली आनी त्याच वर्षी फयान इला." त्यांच्या मनात काही नसतं. दोन घटना एका वर्षातल्या, म्हणून एका वाक्यात येतात, इतकंच. पण पाहुणे माझ्याकडे जरा निरखून बघतात.

अखेर एके दिवशी दुपारी आबांच्या घरातून विळ्यांना धार लावल्याचा आवाज येतो. बाबा जेवण अर्धवट टाकून उठतात आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगतात, "फाल्यां आपली कापणी." आपण आबांच्या आवाजावरून ठरवलं हे ते मान्य करत नाहीत. दाणा आजच तयार झाला, असं त्यांचं म्हणणं असतं.

आता माणसं हवीत. वाडीतल्या कामाच्या बायका चार-पाच, कापणी सगळ्यांची एकाच आठवड्यात, आणि तो आठवडा कुणाच्या दारात घालवायचा याचा अधिकार त्यांचा. मजुरी सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो माशाने. कुणाकडे बांगड्याचं तिखलं झालं, कुणी नुसत्या डाळीवर भागवलं, कुणी भाजलेला सुका बांगडा पेजेबरोबर दिला पण अर्धाच दिला, ही सगळी माहिती संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोचलेली असते. म्हणून आमच्या घरी कापणीचा आराखडा हवामानावरून जितका बदलतो, तितकाच बाजारावरून. पहाटे नवरा स्कूटर घेऊन मासळी बाजारात जातो, तिथून आईंना फोन करतो, आणि आई अंगणात थांबलेल्या काकींना मोठ्याने, फोन बंद झाला तरी, सांगत राहतात, "बांगडे? ताजे? किती मोठे?" मोठे म्हटल्यावर काकी पदर खोचतात.

खरी पंचाईत वारांची. सोमवारी घरात मासा शिजत नाही, गुरुवारी नाही, शनिवारी आईंचा उपास, आणि मधे कुठेतरी संकष्टी. हळवं भात तर नेमकं नवरात्रात पिवळं होतं आणि नवरात्रात नऊ दिवस चुलीवर वाटाणे आणि काळी उसळ. त्या दिवसांत बायकांचा हात जरा हळू चालतो. काकी बोलत काही नाहीत, ताटात बघतात, कुणग्याकडे बघतात आणि म्हणतात, "व्हयत, व्हयत. दोन दिसांत आटपात." याच कुणग्यात बांगड्यावर एका दिवसात काम आटपलेलं मी पाहिलं आहे. कृषी विद्यापीठाने दापोलीत बसून हळवी, निमगरवी, गरवी अशा किती तरी जाती काढल्या, कापायला दातेरी वैभव विळाही काढला. गुरुवार टाळून पिकणारी जात तेवढी राहिली आहे.

कापणीला हात लावण्याआधी जागेवाल्याला नारळ. बाबा मेरेच्या टोकाला उभे राहून गाऱ्हाणं घालतात, आणि आम्ही मागे रांगेत. माझ्या मते वर्षभरातलं बाबांचं सगळ्यात मनमोकळं बोलणं हेच. घरात ते तक्रार करत नाहीत. सगळी साठवून इथे आणतात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गव्यापासून, डुकरापासून, वांदरापासून ह्या भाताची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी मेर दर वरसाक वीतभर आमच्याकडे सरकता," इथे बाबा आबांच्या बाजूला बघत नाहीत, पण आवाज तिकडे वळतो, "ती कोण सरकयता, तेका तूच बुद्धी दी रे म्हाराजा!"

यावर सगळ्यात मोठं "व्हय म्हाराजा!" मेरेपलीकडून येतं. आबा हात जोडून उभे असतात. मेर आपल्याकडे सरकते असं त्यांचंही गाऱ्हाणं असतं, ते त्यांच्या नारळाच्या वेळी घालतात आणि तेव्हा बाबा इकडून साद देतात. देवाला दोन्ही अर्ज पोचलेले आहेत.

गाऱ्हाण्यातले गवे आणि डुकरं खरी आहेत, ती काही बोलायची पद्धत नाही. दोडामार्गात तर हत्ती आहेत, कर्नाटकातून उतरलेले. बाबांना त्या तालुक्याबद्दल थोडा आदरच आहे. नुकसान व्हायचं तर असं व्हावं, वर्तमानपत्रात येईल असं. आमच्याकडे येतात ती माकडं, आणि ती भात खाण्यापेक्षा त्यात लोळतात जास्त. त्यांच्यासाठी बाबांनी बुजगावणं उभं केलं, आणि त्याला मुंबईच्या नानांनी टाकून दिलेला, छातीवर कंपनीचं नाव असलेला निळा शर्ट घातला. नाना हे बाबांचे धाकटे भाऊ, राहायला डोंबिवलीला. गणपतीला येतात, हिरव्यागार शेतात उभे राहून दोन्ही हात पसरतात, फोटो काढून घेतात, स्टेटसला टाकतात आणि गौरी गेल्या की जातात. ऑक्टोबरात त्यांना रजा नसते. तर हे बुजगावणं उभं केल्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन सायकल थांबवून विचारत होता, "नाना कधी इले?" बाबा म्हणाले, "काल. पण बोलना नाय." आमच्या माहितीत कापणीच्या वेळी नाना कुणग्यात हजर असल्याचा हा एकच प्रसंग. माकडांवर परिणाम काही झाला नाही. त्यांतलं एक तर त्याच्या खांद्यावर बसून आमच्याकडे बघत होतं.

कापून झालं की भारे बांधून खळ्यात आणायचे, उडवी रचायची, झोडायचं, वारवायचं, वाळवायचं. लिहायला एक ओळ लागते. झोडणीला हल्ली भाड्याचं मशीन मिळतं, पण आईंना ते आवडत नाही. त्यात पेंढ्याचा भुगा होतो, मग गाय तोंड लावत नाही, असं त्या म्हणतात. गाय आम्ही विकून तीन कापण्या झाल्या. तरीही पेंढा सरळ राहायला हवा.

वारवणीला तर वाराच संप करतो. दिवसभर माडांच्या झावळ्या सळसळत असतात. आई सूप भरून स्टुलावर चढल्या की पान हलत नाही. म्हणून आम्ही टेबलफॅन लावतो. हा फॅन आमच्या खोलीतला, माझ्या माहेरून आलेला, त्यामुळे तो खळ्यात नेताना मला विचारण्याची पद्धत आहे आणि मी 'न्या' म्हणण्याची. मग लांब वायर, तिला जोडलेली दुसरी वायर, त्या जोडावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी, आणि फॅनसमोर आई. फोल उडून थेट आबांच्या खळ्यात जातं. आबांनी तिकडे त्यांचा फॅन आमच्या दिशेने लावलेला असतो. मधल्या तुळशीजवळ दोन्ही घरांचं फोल भेटतं आणि नंतर ते कुणी झाडायचं यावर पुन्हा मेरेचा विषय निघतो.

वाळवणं हे काम मात्र आमच्या कुटुंबाला फार मानवतं, कारण त्यात काहीच करायचं नसतं. ताडपत्रीवर भात पसरायचं आणि कोंबड्या हाकायच्या. घरात ज्याचा इतर कशालाच उपयोग नाही, त्याची नेमणूक इथे होते. एका वर्षी ही जागा माझ्या धाकट्या दिराला मिळाली. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. घरून काम करायची परवानगी घेऊन मोठ्या अभिमानाने कापणीला आला. पहिल्या दिवशी त्याच्या हाती विळा दिला होता. अर्ध्या तासात त्याने कापलेल्या पेंढ्यांपेक्षा काढलेले फोटो जास्त भरले, तेव्हा काकींनी त्याच्या हातातला विळा हळूच काढून घेतला आणि म्हणाल्या, "बाबू, तू वायच सावलेत बस." तेव्हापासून तो पडवीत, मांडीवर लॅपटॉप, कानात ते यंत्र आणि हातात काठी. मीटिंग सुरू असताना कोंबडा ताडपत्रीवर चढला की तो ओरडायचा, "हड्! हड्!" दोन दिवसांनी हैदराबादच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की हा हड् कोण, टीममध्ये कुणी नवीन आला आहे का. दीर सांगत होता, त्या महिन्यात त्याच्या कामाचं कौतुक झालं. सतत काहीतरी बोलत असतो म्हणून.

आश्विनातल्या पौर्णिमेला, नव्याच्या पुनवेला, नवं बांधायचं. आंब्याच्या पानाबरोबर भाताची लोंबी आणि कुरडूचं फूल. ते दाराला बांधतात, तुळशीला, देव्हाऱ्याला, कणगीला. बाबा कुणालाही वगळत नाहीत. स्कूटर, गॅसचा सिलिंडर, शिवणाचं मशीन. गेल्या वेळी दिराच्या इंटरनेटच्या डबीलाही एक बांधलं होतं. त्या संध्याकाळी नेट जरा बरं चाललं असं दीर कबूल करतो.

आणि मग दिवाळी, जी खरं तर सगळ्या कापणीची शेवटची मुदत. पाऊस, मासे, मजूर, कशाचीही सबब सांगा, चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे नव्या भाताचे पोहे झालेच पाहिजेत. तुळशीसमोर अंगठ्याने कारीट फोडायचं, गोविंदा म्हणायचं, त्यातला कडू थेंब जिभेला लावायचा आणि मग घरोघर पोहे खात फिरायचं. गोडे पोहे, तिखट पोहे, दह्यातले, दुधातले, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर. या दिवशी वाडीत कुणी कुणाच्या भाताला नावं ठेवत नाही. आबा आमच्याकडे चार प्रकार खाऊन गेले आणि जाताना बाबांना म्हणाले, "पोहे बरे झाले हां. पाणी बरा लागला तुमच्या वाट्याक." हे कौतुक होतं की मेरेबद्दल होतं, यावर बाबा दोन दिवस विचार करत होते.

या शेतीला मालक किती, हे सांगायला हवं. शेत वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. सातबारा उताऱ्यावर नावं सव्वीस. त्यातली काही माणसं देवाघरी गेली, काही डोंबिवलीला. एक बडोद्याला असतात असं आई म्हणतात. त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांचा हिस्सा सगळ्यांना आण्या-पैशांत पाठ आहे. २०२१ पासून सरकारने ई-पीक पाहणी आणली. पीक काय आहे ते शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढून. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि मेरेवर ताठ उभे राहिले. ॲपला भाताचा फोटो हवा होता. मी परत परत म्हणत होते, "बाबा, जरा बाजूला व्हा." त्यांचं म्हणणं, सव्वीस जणांच्या वतीने एकाने तरी दिसायला हवं. शेवटी भाताच्या चार लोंब्या आणि बाबांचा एक खांदा, असा फोटो सरकारदरबारी गेला.

हिशेब करायचा नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला तो पाळणं जड जातं. वर्ष चांगलं असेल तर भात होतं साडेपाच क्विंटल. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे सगळं विकलं तर तेरा हजारांच्या आसपास. एका संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर दुसरी बाजू मांडली: नांगरणीचं भाडं, बियाणं, खत, लावणीची मजुरी, कापणीची मजुरी, ताडपत्री, गिरण, आणि मासळी. बेरीज तेरा हजारांच्या बरीच पुढे गेली. भात भरडून तांदूळ पडतो साधारण पासष्ट टक्के, तेव्हा घरचा उकडा तांदूळ किलोमागे कुडाळच्या दुकानापेक्षा किती महाग पडतो तेही काढलं. बाबांनी चष्मा लावून वही बघितली. फक्त एका रकमेवर बोट ठेवलं.

"बांगडे तू पण खाल्लंस मगे. ते शेतीच्या खर्चात कित्याक धरतंस?"

मी बांगडे वगळले. तरी तोटाच. मग त्यांनी चहा वगळायला लावला, कारण चहा काय, तो एरवीही होतोच. मग स्वतःची मजुरी. मग फॅनची वीज. पाऊण तासाने शेती फायद्यात आली आणि बाबा समाधानाने झोपायला गेले.

तांदूळ विकायचा प्रश्न तसा येतच नाही. भात उकडून, वाळवून, गिरणीतून आणलं की वाटे पडतात. आत्यांना एक गोणी, नानांना एक, दिराला अर्धी. बडोद्याचं नाव निघतं, सगळे एकमेकांकडे बघतात आणि तो वाटा आमच्याच कणगीत ठेवला जातो, न्यायला आले तर असावा म्हणून. गोणी मुंबईच्या गाडीच्या टपावर चढते, बाबा ड्रायव्हरला दोनदा सांगतात की खाली दुसरं सामान ठेवू नको, आणि मग आठवडाभर डोंबिवलीच्या फोनची वाट बघतात.

यंदा नानांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला, सगळ्यांना कळावं म्हणून. नानांनी प्रकृती विचारली, पाऊस विचारला, आबा विचारले. मग म्हणाले, "भाऊ, तांदूळ गोड आसत रे. पण औंदा खडे खूप लागतत."

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला. "सातबारो काढून बघ मेल्या. खड्यांतव तुझो हिस्सो आसा."